मोझार्ट की सिबेलियस? युवा ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला परीक्षक काय ऐकतात

एका आईबाबांनी पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पंधरा वर्षांची, न्यू जर्सीत राहते. पुण्यात असताना व्हायोलिन सुरू केलं, ट्रिनिटी या लंडनच्या संस्थेच्या परीक्षा देत देत ग्रेड 8 डिस्टिंक्शनमध्ये पास झाली. इथे आल्यावर गेल्या वर्षी घराजवळच्या युवा ऑर्केस्ट्राची ऑडिशन दिली, तर सगळ्यात वरच्या गटाऐवजी दुसऱ्या गटात घेतलं आणि तिथेही सेकंड व्हायोलिनमध्ये, म्हणजे मुख्य सुरावटीखालची ओळ वाजवणाऱ्या रांगेत, बसवलं. आता तिला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या ‘एनवायओ-टू’ या राष्ट्रीय युवा ऑर्केस्ट्रासाठी अर्ज करायचा आहे. शिक्षिका म्हणतात, मोझार्टचा पाचवा कॉन्सर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) वाजव. आईबाबांना धास्ती ही की बाकीची मुलं सिबेलियसचा त्याहून अवघड कॉन्सर्टो वाजवणार, मग मोझार्ट घेऊन गेलेल्या मुलीला कोण विचारणार? आणि जाता जाता विचारलंय की नवीन व्हायोलिन घ्यावं का.

मी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं थोडं मोठं, खालच्या सुरातलं भावंड, वाजवते. शिक्षण मुंबईत सुरू झालं, पुढे अमेरिकेत आले, इथेच शिकवते, आणि बरीच वर्षं एका प्रादेशिक युवा ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला परीक्षक म्हणून बसते. एनवायओच्या पॅनेलवर मी नाही. पण माझे विद्यार्थी तिथे अर्ज करतात, आणि टेबलाच्या या बाजूला बसल्यावर जे ऐकू येतं ते सगळीकडे बरंचसं सारखंच असतं. तेव्हा त्या बाजूने लिहिते.

आधी पात्रतेचं बघून घ्या, कारण सहा महिने मेहनत करून मग नियम वाचणारी घरं मी पाहिली आहेत. कार्नेगी हॉलचा मोठा कार्यक्रम म्हणजे नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रा ऑफ द यूएसए, थोडक्यात एनवायओ. तो 2013 मध्ये सुरू झाला, वयोगट 16 ते 19. धाकटा एनवायओ-टू 2016 पासून, वयोगट 14 ते 17. दोन्हींत मुलांकडून पैसे घेत नाहीत, उन्हाळ्यात निवासी शिबिर असतं, मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्रांतले वादक शिकवायला येतात आणि शेवटी कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम होतो. वय एका ठरावीक तारखेला मोजतात, ती तारीख त्या वर्षीच्या नियमावलीत बघा. आणि दुसरं, जे आपल्या लोकांना जास्त लागू आहे: मोठ्या एनवायओला अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. तुम्ही पुण्याहून आलात एवढं लिहिलंय, ग्रीन कार्डचं लिहिलेलं नाही. मुलगी एच-4 वर, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसाशी जोडलेल्या व्हिसावर, असेल तर एनवायओ-टूच्या पात्रतेची ओळ शब्द न शब्द वाचा आणि शंका असेल तर त्यांना सरळ ईमेल करा. आज एनवायओ-टू जमलं आणि दोन वर्षांनी मोठ्या एनवायओचं दार व्हिसामुळे बंद आहे असं कळलं, तर मुलीला ते जास्त लागेल. स्थानिक युवा ऑर्केस्ट्रा सहसा व्हिसा विचारत नाहीत.

आता मूळ मुद्दा. तुमचा प्रश्न ‘मोझार्ट की सिबेलियस’ असा आहे, पण मला त्याच्या मागे दुसरा प्रश्न दिसतो: ग्रेड 8 ला डिस्टिंक्शन मिळवणारी मुलगी दुसऱ्या गटात सेकंड व्हायोलिनला कशी? याचं उत्तर सापडलं की कॉन्सर्टोचं उत्तर आपोआप मिळतं.

ट्रिनिटी किंवा तशाच एबीआरएसएम या संस्थेची परीक्षा ठरावीक मापाशी तोलते. ट्रिनिटीत 100 पैकी 87 गुण पडले की डिस्टिंक्शन, मग त्या दिवशी आणखी कितीही मुलांना डिस्टिंक्शन मिळो. तुकडे ठरलेले असतात, ते वर्षभर घोटता येतात, परीक्षकासमोर ते नीट वाजले की काम झालं. ऑडिशनमध्ये खुर्च्या असतात. पूर्ण आकाराच्या ऑर्केस्ट्रात फर्स्ट व्हायोलिनच्या साधारण सोळा. त्यातल्या काहींवर गेल्या वर्षीची मुलं आधीच बसलेली असतात, म्हणजे एखाद्या वर्षी मोकळ्या जागा चार असतील, एखाद्या वर्षी नऊ. त्यामुळे ‘गेल्या वर्षी जमलं नाही’ याचा अर्थ मुलगी कमी पडली असाच होतो असं नाही. किती जागा होत्या हे तुम्हाला कुणी सांगत नाही. पण ते बाजूला ठेवलं तरी एक फरक उरतोच: ग्रेडच्या परीक्षेत तुमची मुलगी एकटी कशी वाजवते हे ऐकलं जातं, आणि आम्ही ऐकत असतो की ही मुलगी उद्या तालमीला येऊन पंधराजणांच्या मध्ये बसली तर काय होईल. तिच्या बाजूच्याला त्रास होईल की आधार मिळेल?

हा प्रश्न डोक्यात ठेवून बसलं की कान वेगळ्या गोष्टींकडे जातात. आमच्यासमोरच्या कागदावर रकाने असतात: नाद, सूर, लय, शैली. किती अवघड तुकडा वाजवला याचा रकाना मी अजून कुठल्याच कागदावर पाहिलेला नाही. लय गेली तर इतर सगळं असूनही आम्ही हात आखडता घेतो, कारण सूर किंचित इकडेतिकडे असलेल्या वादकाला गटात सावरून घेता येतं, पण जो पुढे पळतो तो अख्खी रांग ओढून नेतो. गोड वाजवणारी, मनस्वी मुलं इथे बळी पडतात. शाळेत, मंडळात, सगळीकडे त्यांचं कौतुक झालेलं असतं, आणि मोठा सूर आला की ती थांबून त्याचा आस्वाद घेतात.

म्हणून मोझार्ट. पाचवा कॉन्सर्टो, के. 219, 1775 चा, मोझार्ट तेव्हा एकोणीस वर्षांचा. ऑर्केस्ट्राची प्रस्तावना वेगवान, आणि मग सगळं थांबून व्हायोलिन सहा मापांच्या (म्हणजे तालाच्या सहा आवर्तनांच्या) संथ अडाजिओत येतं. खाली बाकीची व्हायोलिनं कुजबुजतात आणि वर एकटं व्हायोलिन ए मेजरच्या सुरांवरून सावकाश वर चढतं. ऑडिशनमध्ये ती कुजबुजही नसते, फक्त तुमची मुलगी आणि ती चढण. बो (गज) वळवताना आवाज फाटतो का, वरचा सूर पोचता पोचता चढा होतो का, व्हायब्रेटो, म्हणजे बोटाने दिलेला कंप, सुराबरोबर सुरू होतं की मागाहून आठवतं, आणि सहा मापांनंतर ‘आलेग्रो अपेर्तो’ हा वेगवान भाग लागल्यावर नवी लय पहिल्या मापापासून बसलेली आहे की शोधावी लागतेय. अर्ध्या मिनिटात आम्हाला निम्म्याहून जास्त कळलेलं असतं. मोझार्ट सोपा आहे ही समजूत बोटांपुरतीच खरी.

सिबेलियसचं काय होतं ते सांगते. दरवर्षी दोन-चार मुलं तो घेऊन येतात. सुरुवात बहुतेकांची सुंदर होते, कारण ती ओळ ऐकून ऐकून मनात बसलेली असते. पुढे जोडस्वर आणि सप्तकं येतात, आणि दहातले आठ लागतात. त्या उरलेल्या दोनांमुळे माझ्या कागदावर सुराच्या रकान्यात खूण होते. शिवाय अडचणीच्या जागी मूल आपोआप हळू होतं, म्हणजे लयीच्या रकान्यातही. मुलाने आठ महिने घाम गाळलेला असतो, आणि आम्हाला त्यातून एवढंच समजतं की हा तुकडा त्याच्या हातात अजून आलेला नाही. त्याचं खरं वाजवणं कसं आहे हे कळायची संधीच मिळत नाही.

इथे अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. राष्ट्रीय पातळीवर सिबेलियस, चायकोव्हस्की खरोखर चांगले वाजवणारी पंधरा वर्षांची मुलं असतात, आणि ती निवडली जातात. तुमची मुलगी त्यांतली आहे का हे मला इथून सांगता येणार नाही. पण कसोटी सोपी आहे. शाळेतून दमून आल्यावर, बोटं थंड असताना, तिने पहिला भाग न थांबता वाजवावा. तसा वाजला तर तो तुकडा तिचा आहे. नसेल, तर ऑडिशनच्या दिवशी तो आणखी वाईट वाजणार. आणि या दोन टोकांच्या मध्ये भरपूर संगीत आहे: ब्रुखचा जी मायनर, मेंडेल्सोनचा ई मायनर, लालोची सिंफनी एस्पान्योल. शिक्षिकांनी मोझार्ट सुचवलाय म्हणजे त्यांनी तिचा नाद ऐकून सुचवला असणार. मी त्यांच्या बाजूने आहे. अर्थात त्या वर्षीच्या यादीत विशिष्ट कॉन्सर्टो किंवा विशिष्ट कालखंड मागितला असेल तर यादीपुढे कुणाचंच चालत नाही.

कॉन्सर्टोवर मी एवढं लिहिलं, पण खरं सांगायचं तर निकाल तिथे लागतच नाही. तो उताऱ्यांवर लागतो. ऑर्केस्ट्राच्या पार्टमधले (एकेका वाद्याच्या लिखित सुरांमधले) हे छोटे तुकडे, एक्सर्प्ट, यादीत कुठेतरी खाली असतात, एकेक पान, दिसायला निरुपद्रवी. घरोघरी यांना शेवटचे दोन आठवडे मिळतात आणि कॉन्सर्टोला सहा महिने. तुमच्या पत्रात तर उताऱ्यांचा उल्लेखच नाही, यावरून मला थोडी कल्पना येते.

तीन उदाहरणं घेते, जी व्हायोलिनच्या याद्यांत वर्षानुवर्षं फिरत असतात.

मोझार्टची 39 वी सिंफनी, शेवटचा भाग. फर्स्ट व्हायोलिन ‘पियानो’मध्ये, म्हणजे हळू आवाजात, भराभर सुरू करतात आणि आठ मापांनंतर सगळा ऑर्केस्ट्रा ‘फोर्टे’त, म्हणजे मोठ्या आवाजात, तीच गोष्ट पुन्हा म्हणतो. परीक्षक काय बघतो? ते हळू खरंच हळू आहे का, आणि फोर्टे आल्यावर खोली बदलते का. दहातली सात मुलं पहिली ओळ मध्यम आवाजात वाजवतात, कारण हळू वाजवताना बो थरथरते आणि सोळांश नोट्स निसटतात. मग फोर्टेला जायला जागाच उरत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: बोचा अगदी छोटा तुकडा, मधल्या भागात, आणि मेट्रोनोम खूप खाली लावून आधी आवाज स्थिर करायचा, वेग नंतर.

मेंडेल्सोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला स्केर्त्सो, म्हणजे चपळ, खेळकर भाग. फुंकवाद्यं सुरू करतात, मग व्हायोलिनं येतात, तारेवर उड्या मारणारी बो, तीन-आठच्या मापात. इथे सूर फारसा अवघड नाही, उजव्या हाताची परीक्षा आहे. बो उडते ती तिच्या लवचीकपणामुळे. हाताने उडवायला गेलं की खरखर ऐकू येते. प्रत्येक बोची उडण्याची जागा वेगळी असते, मध्यापासून थोडी वर किंवा खाली, आणि ती जागा मुलीने स्वतः शोधून ठेवायला हवी. शिक्षिकेच्या बोची जागा उपयोगाची नाही.

आणि रिचर्ड स्ट्राउसचा ‘डॉन जुआन’, पहिलं पान. 1889 मध्ये वायमारला पहिल्यांदा वाजला, आणि आज व्यावसायिक ऑडिशनलाही त्याच्यापासून सुटका नाही. पहिल्या मापात व्हायोलिनं झेप घेतात. मुलं त्या झेपेवर जीव टाकतात, आणि खरी गडबड पुढे होते: ठिपक्याची (लांब-आखूड) लय आणि ट्रिपलेट (तीन समान सूर) एकापाठोपाठ येतात, आणि घाईत दोन्ही एकसारखी वाजू लागतात. आमच्यातला एक जुना सहकारी डॉन जुआन सुरू झाला की पेन खाली ठेवून बोटाने टेबलावर ट्रिपलेट मोजत बसतो. मुलांना वाटतं त्याला मजा येतेय.

उतारा शिकताना पहिलं काम वाजवण्याचं नाही, ऐकण्याचं आहे. पूर्ण सिंफनी, पार्ट समोर ठेवून, निदान तीन वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांची. माझी एक सवय आहे: उतारा वाजवून झाला की विद्यार्थ्याला विचारते, “इथे तुझ्या खाली कोण आहे?” चेलो चालत असेल तर त्यांची अष्टमांश नोट्सची चाल ऐकू यायला हवी, जरी खोलीत चेलो नसला तरी. ज्या मुलाला ती ऐकू येते त्याची लय हलत नाही, आणि आम्हाला टेबलामागे बसून हे जाणवतं. ‘ही मुलगी एकटी वाजवत नाहीये’ असं मी एकदा शेऱ्यात लिहिलं होतं, आणि शेजारच्या परीक्षकानेही जवळपास तेच लिहिलं होतं.

सुरासाठी तुमच्या घरी कदाचित आधीच एक साधन असेल. तानपुऱ्याचं ॲप, किंवा आजीकडून आलेली इलेक्ट्रॉनिक पेटी. ए मेजरचं स्केल वाजवायचं तर ए वर तानपुरा लावा आणि सावकाश, एक बो एक सूर, स्केल वाजवू द्या. अमेरिकन शिक्षक यालाच ड्रोन म्हणतात आणि त्यासाठी वेगळं ॲप विकत घ्यायला लावतात. एक सावधगिरी: तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार पियानोच्या तिसऱ्या सुरापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. एकल ओळीत, विशेषतः वर चढताना, व्हायोलिनवाले तो सूर पियानोपेक्षाही किंचित चढा ठेवतात. त्यामुळे तानपुरा षड्ज आणि पंचम पक्के करायला, आणि कान उघडायला. तिसरा आणि सातवा सूर कुठे ठेवायचा हे शिक्षिकेबरोबर त्या त्या तुकड्यात ठरवा. ज्या मुलांनी लहानपणी गाण्याचा क्लास केलाय त्यांना हा भेद पटकन ऐकू येतो, हा माझा अनुभव.

आतापर्यंतचं एवढं: कॉन्सर्टो हातात असलेला घ्यायचा, आणि त्यातून वाचलेला वेळ उताऱ्यांना द्यायचा. शाळा सांभाळून दिवसाला दोन तास मिळत असतील तर मी पंचवीस मिनिटं स्केल, पन्नास मिनिटं उतारे, उरलेला वेळ कॉन्सर्टो असं वाटते. पाच-दहा मिनिटं न पाहिलेलं काहीतरी वाचायला. एनवायओला व्हिडिओ असल्यामुळे साइट-रीडिंग नसलं, तरी स्थानिक ऑडिशनला ते बहुधा असतं, आणि तालमीत तर पहिल्याच दिवशी लागतं. वाचताना चुकलं तर थांबू नये, मागे जाऊ नये, पुढचं माप पकडावं. आम्ही सूर किती चुकले यापेक्षा ती पुन्हा कुठे उभी राहिली हे बघतो.

व्हिडिओबद्दल. एनवायओसाठी ऑडिशन रेकॉर्ड करून पाठवायची असते. एकेक तुकडा सलग, मध्ये कापाकापी नको; बाकी अटी त्या वर्षीच्या वाचा. खोली महत्त्वाची. न्यू जर्सीतल्या घरांत गालिचे घातलेलं बेसमेंट मुलांना सरावासाठी देतात, तिथे आवाज मरतो आणि वर हीटर घुमत असतो. शाळेचा बँड रूम किंवा एखाद्या चर्चचा हॉल तासभर मिळाला तर उत्तम, नाहीतर लाकडी जमिनीची बैठकीची खोली. फ्रीज, डिशवॉशर, कुकर, सगळं बंद. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप खाली आणि हळू आवाज वर आणतो, म्हणजे वर सांगितलेला पियानो-फोर्टेचा फरक नेमका पुसला जातो. असा आपोआप बदल बंद करता येणारं रेकॉर्डिंग ॲप किंवा साधा यूएसबी माइक घ्या, सहा-आठ फुटांवर ठेवा, व्हायोलिनची पुढची बाजू त्याच्याकडे. कॅमेऱ्यात दोन्ही हात, चेहरा आणि पूर्ण बो दिसायला हवी.

आणि टेक मोजून घ्या. एका तुकड्याचे तीन, फार तर चार. पंधराव्या टेकला बोटं दमलेली असतात आणि घरात भांडण सुरू झालेलं असतं. रेकॉर्डिंग दोन शनिवारांत विभागा, आणि कोणता टेक पाठवायचा हे त्याच रात्री ठरवू नका. दुसऱ्या दिवशी, डोळे मिटून, फक्त ऐकून ठरवा. व्हिडिओ बघताना आईला मुलीचा चेहरा दिसतो, सूर ऐकू येत नाही.

सरावाचे रेकॉर्डिंग तर आठवड्यातून एकदा हवेतच. मुलीने स्वतः ऐकून पार्टवर तीन खुणा कराव्यात, तीनच. तुमचं काम फोन धरण्याचं. “इथे थोडं बेसूर झालं का गं?” हा प्रश्न शिक्षिकेसाठी राखून ठेवा.

स्थानिक ऑडिशन समोरासमोर असते, तिथे भीतीचा भाग येतो. थंड हातांनी पहिली ओळ वाजवायचा सराव करा: दिवसातून चार-पाच वेळा, काहीतरी करता करता उठून, व्हायोलिन काढून, फक्त पहिली आठ मापं, मग परत ठेवून द्यायचं. ऑडिशनला दुसरी संधी नसते, तशीच घरीही द्यायची नाही. लोकांसमोर वाजवायला मराठी मंडळाचा गणपती आहेच. तिथे कॉन्सर्टोबरोबर एखादा उताराही वाजवू द्या. तो मध्येच तुटतो, त्यामुळे एखाद्या काकू हमखास विचारतील की बाळा, विसरलीस का. ते प्रश्न झेलायची सवय झाली की परीक्षकांनी “थँक यू, पुढचं” म्हणून मध्येच थांबवल्यावर मुलगी हादरत नाही. आम्ही थांबवतो ते बहुतेक वेळा वेळेअभावी. हवं ते ऐकून झालेलं असतं, चांगलं किंवा वाईट.

सेकंड व्हायोलिनचं दुःख मला पत्रात ओळीओळींमधून दिसलं, म्हणून त्यावर थोडं. मी व्हायोला, म्हणजे ऑर्केस्ट्रातली मधलीच ओळ, वाजवते, तेव्हा माझं मत एकतर्फी समजा. पण मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेराच्या ओव्हर्चरमध्ये (सुरुवातीच्या वाद्यरचनेत) फ्यूग, म्हणजे एकामागून एक गटांनी तीच धून उचलण्याचा भाग, सुरू करतं कोण? सेकंड व्हायोलिन. स्मेतानाच्या ‘बार्टर्ड ब्राइड’च्या ओव्हर्चरमध्येही ती धावपळ आधी त्यांच्याकडे येते. त्यांच्या ऑडिशनला हे दोन उतारे याच कारणासाठी असतात, आणि ते डॉन जुआनपेक्षा फार सोपे नाहीत. आम्ही खुर्च्या लावताना मुद्दाम काही भक्कम लयीची मुलं सेकंडला पाठवतो, नाहीतर मधला मजला ढासळतो. तुमच्या मुलीला त्यासाठी पाठवलं असेलच असं मी म्हणत नाही. ते तिथल्या संचालकांना विचारा. बरेच ऑर्केस्ट्रा शेरे देतात, मागितल्यावर. पण या वर्षी तिने सेकंडमध्ये बसून जर आतले सूर ऐकायला शिकून घेतलं, तर एनवायओ-टूच्या व्हिडिओत ते उताऱ्यांत ऐकू येईल. फॉर्ममध्येही पसंती विचारली असेल तर सेकंड चालेल असं लिहा.

कॉलेजच्या अर्जात याचा उपयोग होतो का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण न्यू जर्सीतले आपले पालक ते मनात ठेवून असतात. थोडा होतो. त्यासाठीच करायचं असेल तर रोजचे दोन तास फार महाग पडतील, आणि मुलगी ते दोन महिन्यांत ओळखेल.

या वर्षी अर्ज करावा की पुढच्या? उतारे आजपासून सुरू केले आणि मुदतीला चार महिने असतील तर करा. तेवढा वेळ नसेल तर स्थानिक ऑर्केस्ट्राच्या वरच्या गटाची ऑडिशन या वर्षी, एनवायओ-टू पुढच्या वर्षी. वयोगट 17 पर्यंत असल्यामुळे तिच्याकडे वेळ आहे. दोन्हींचे उतारे वेगळे निघाले तर एकाच हंगामात दोन्ही करू नका.

राहिलं व्हायोलिन. स्थानिक युवा ऑर्केस्ट्रांना वार्षिक फी असते, दौरा असेल तर वेगळे पैसे. एनवायओसारखी फुकट जागा दुर्मीळच. आपल्या मुंबईचे मेहली मेहता, 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी उभी करणारे, त्यांनी 1964 मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकन यूथ सिंफनी सुरू केली आणि तीन दशकांहून जास्त काळ चालवली. तिथे मुलांकडून फी घेत नसत, आणि तीही 2024 मध्ये बंद झाली. तेव्हा नव्या व्हायोलिनचे पैसे आत्ता ठेवून द्या, शिबिरं आणि प्रवासाला लागतील. तिचं आत्ताचं वाद्य पूर्ण आकाराचं असेल, खुंट्या नीट फिरत असतील आणि शिक्षिकेची तक्रार नसेल, तर आमच्या कागदावर त्याने काही फरक पडणार नाही. खर्च करायचाच असेल तर बोवर करा, कारण स्केर्त्सो वाईट बोवर उडतच नाही. दुकानदार सहसा आठवडाभर दोन-तीन बो घरी न्यायला देतात. नव्या तारा ऑडिशनच्या दोन-तीन आठवडे आधी चढवा, आदल्या दिवशी चढवल्या तर वाजवता वाजवता उतरत राहतील. बोचे केस महिनाभर आधी बदलून घ्या, आणि खिशात एक जादा ई-तार ठेवा.